कव्हरेज शून्य टक्के दिसतंय? टेस्टना हात लावण्याआधी व्हेरिएबल बघा

तुमची अडचण मला समजली ती अशी: कोड सीआय सर्व्हरवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या मशीनवर) जीसीसी कंपायलरने बिल्ड होतो, पण चालतो वेगळ्या लिनक्स बोर्डवर. टेस्ट पास होतात आणि जीकॉव्ह, म्हणजे जीसीसीचं कव्हरेज (टेस्टमध्ये किती कोड चालला ते) मोजणारं टूल, तरी शून्य टक्के दाखवतं. म्हणून डेटा फाइलींचा पाथ सोर्समध्येच पक्का करावा का, असं विचारताय. कृपा करून तसं करू नका. पाथ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधूनच (प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगमधूनच) येऊ द्या. मात्र ते सेट नसेल तर टेस्ट सुरूच होऊ देऊ नका.

जीसीएनओ फाइल (कोडचा आराखडा) कंपाइल होताना बनते, जीसीडीए फाइल (कोड किती वेळा चालला त्याची मोजणी) प्रोग्राम संपताना. जीसीडीए कुठे लिहायची तो पूर्ण पाथ बायनरीत आधीच कोरलेला असतो, आणि तो असतो बिल्ड मशीनचा. बायनरीतला वाचता येणारा मजकूर दाखवणारी 'स्ट्रिंग्ज' कमांड तिच्यावर चालवा, दिसेलच. बोर्डवर परवानगी असेल तर प्रोग्राम तीच फोल्डरं तिथे तयार करतो आणि डेटा तिथेच पडून राहतो. फाइलसिस्टिम रीड-ओन्ली असेल तर एररची एक ओळ येते, ती कोणी वाचत नाही. इकडे जीकॉव्हला जीसीडीए मिळाली नाही की ते कोड चाललाच नाही असं धरून चालतं. डेटा हरवलाय की टेस्टच नाही, हे आकड्यावरून कळायला मार्ग नाही. याच कारणाने आमच्या टीमने दोन दिवस चांगल्या टेस्ट पुन्हा लिहिण्यात घालवले होते.

उपाय दोन व्हेरिएबल्सचा. 'जीकॉव्ह प्रीफिक्स' पाथच्या सुरुवातीला तुमचं फोल्डर जोडतं, 'जीकॉव्ह प्रीफिक्स स्ट्रिप' मूळ पाथच्या सुरुवातीची किती फोल्डरं गाळायची ते सांगतं (दोन्ही नावं कॅपिटलमध्ये, शब्दांमध्ये अंडरस्कोर). समजा कोरलेला पाथ आहे /होम/सीआय/प्रकल्प/ओबीजे/मेन.जीसीडीए. प्रीफिक्स /डेटा/कव्ह आणि स्ट्रिप 3 दिलं, तर फाइल /डेटा/कव्ह/ओबीजे/मेन.जीसीडीए इथे पडेल. स्ट्रिप दिलंच नाही तर ते 0 धरलं जातं. मग या फाइली परत आणून जीसीएनओच्या शेजारी ठेवा.

बहुतेकांची चूक इथे होते: टर्मिनलवर एक्सपोर्ट केलेलं व्हेरिएबल सिस्टिमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) सर्व्हिसला दिसत नाही. ते त्या सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये 'एन्व्हायर्नमेंट'च्या ओळीत लिहा. आणि सर्व्हिस 'किल -9' ने (आवराआवरीची संधी न देता) मारत असाल तर व्हेरिएबल कितीही बरोबर असो, फाइल लिहिलीच जात नाही.

टेस्ट चालवणाऱ्या शेल स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं नाव महिरपी कंसात घेऊन कंसातच नावानंतर कोलन आणि प्रश्नचिन्ह द्या. ते रिकामं असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. पायथनचं कव्हरेज मोजणाऱ्या 'कव्हरेज डॉट पाय'च्या कॉन्फिगमध्येही अशीच सोय आहे: व्हेरिएबल सेट नसताना कंसात नावानंतर प्रश्नचिन्ह असेल तर एरर, नसेल तर गुपचूप रिकामी स्ट्रिंग. तिथे हायफन देऊन डिफॉल्टही ठेवता येतो, पण पाथसाठी तो मी कधीच ठेवत नाही. रिपोर्टचं शीर्षक वगैरेंना खुशाल ठेवा.

पुढे जीसीसीऐवजी क्लँग कंपायलरवर गेलात तर 'एलएलव्हीएम प्रोफाइल फाइल' या व्हेरिएबलच्या किमतीत टक्क्याचं चिन्ह आणि पी हे अक्षर जरूर घाला. त्या जागी प्रोसेस आयडी येतो, नाहीतर एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेस एकमेकींची फाइल पुसतात.

आधी स्ट्रिंग्जचं आउटपुट इथे टाका, स्ट्रिपचा आकडा आपण मिळून मोजू.