मन खचले, म्हणजे पाचारण संपले का?

"देवाने मला सेवेसाठी बोलावले याबद्दल मला कधी शंका नव्हती, पण आता प्रार्थनेला बसले तरी आत काहीच हलत नाही. मग ते पाचारण खरे होते का?" पाळक, संडे स्कूलच्या शिक्षिका, तरुण संघाचे कार्यकर्ते अशा अनेकांकडून हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकत आले आहे. त्याचे उत्तर म्हणून एका पाळकांची हकिगत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे देत आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यात त्यांची लहानशी ख्रिस्ती मंडळी होती. तरुण पुण्याकडे गेलेले, दिवाळीच्या सुमारास बरीच कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडत, आणि मग उन्हाळ्यापर्यंत उपासनेला मोजकी म्हातारी माणसे उरत. राजीनाम्याचे पत्र पवित्र शास्त्राच्या पानांत ठेवूनच ते माझ्याकडे आले. "ताई, मन लागत नसताना लोकांसमोर उभे राहणे हे ढोंगच नाही का?" असे ते वारंवार विचारत. उपाय म्हणून त्यांनी उपवास वाढवले होते, झोप मोडून पहाटे तीनला प्रार्थनेला बसत होते, आणि तरीही उभारी येत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत होते.

सुरुवातीच्या भेटींत मी बहुतेक ऐकत राहिले. भूक, झोप यांची विचारपूस करून त्यांना डॉक्टरांकडेही पाठवले, कारण दोन आठवड्यांहून अधिक काळ मन असे काळवंडलेले राहिले तर तो नैराश्याचा आजार असू शकतो, आणि त्यावर औषध घेणे म्हणजे विश्वासात उणे पडणे नव्हे.

मग एका भेटीत मी त्यांना पवित्र शास्त्रातला १ राजे, अध्याय १९ उघडायला सांगितला. कर्मेल डोंगरावर बआल या दैवताच्या संदेष्ट्यांवर विजय मिळवल्यानंतर ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, तो हा प्रसंग. त्यावर त्यांनी कितीदा तरी संदेश दिला होता.

"मरण मागणाऱ्या एलीयाला पहिली आज्ञा कोणती झाली?" मी विचारले.

"होरेब डोंगराकडे जा," ते चटकन म्हणाले.

"वाचून सांगा."

त्यांचे बोट ओळीवरून सरकत गेले आणि एका जागी थांबले. "ऊठ, खा."

"ती आज्ञा त्याने पाळली का?"

"पाळली. खाल्ले, पाणी प्यायला आणि पुन्हा निजला." बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ताई, म्हणजे मी स्वतःला उपाशी ठेवत होतो, तेव्हा आज्ञा मोडतच होतो."

इतक्या वर्षांच्या कामात माझी जी धारणा पक्की झाली आहे, ती त्यांनी स्वतःच्या तोंडाने उच्चारली, याचे मला मनापासून समाधान वाटले. उत्साह आधी यावा आणि आज्ञापालन मागाहून घडावे, अशी वाट आपण पाहत बसतो; प्रत्यक्षात खचलेल्या माणसाने हाताशी असलेली लहान आज्ञा पाळावी, मन आपल्या गतीने मागून येते. पुढे होरेबावर एलीया तीच तक्रार दोनदा करतो, तरी देव त्याला रागावत नाही. तो त्याला तीन नेमकी कामे सांगतो, त्यांतले एक अलीशाला संदेष्टा म्हणून अभिषेक करण्याचे, म्हणजे सोबती जोडण्याचे असते, आणि बआलापुढे गुडघे न टेकलेले ७,००० जण इस्राएलात आहेत हेही कळवतो.

ढोंगाबद्दल मी त्यांना एवढेच म्हटले की खचलेल्या मनाची उपासना ढोंग ठरली असती, तर स्तोत्रसंहितेतली विलापाची कितीतरी स्तोत्रे गाळावी लागली असती. पंडिता रमाबाईंचीही आठवण दिली. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेल्यावरही त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून हाती घेतलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर सोडले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देवाघरी जाण्यापूर्वी ते पुरे केले.

आम्ही कामे अगदी थोडी ठरवली: रात्री वेळेवर निजणे, दोन वेळा नीट जेवणे, दर गुरुवारी अंथरुणाला खिळलेल्या एका आजींकडे प्रभुभोजन घेऊन जाणे, आणि महिन्यातून एकदा मंडळीतल्या एका शिक्षकांना संदेश द्यायला सांगणे. 'वाटले तर जाईन' ही सवलत ठेवली नव्हती. मन जड असतानाही ते गेले, आणि काही आठवड्यांनी आजींच्या शेजारची दोन घरेही त्या प्रार्थनेला बसू लागली. राजीनाम्याचा विचार त्यांनी ऊसतोडीची कुटुंबे परतेपर्यंत पुढे ढकलला आहे. विश्रांतीनंतरही पाळकपद सोडावे असेच वाटले, तर तो निर्णयही देवापुढे मोकळ्या मनाने मांडता येईल, हे मी त्यांना सांगून ठेवले आहे.