पॉम्पे आणि एन्झाइम चढवणं: राजापूरच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ ३६ वर्षांचा, पाखाडी चढताना मांड्या धरतो, पंगतीतून उठताना जमिनीवर हात टेकतो. तीन-चार वर्षं यकृताचे रिपोर्ट वाढलेले म्हणून काविळीची औषधं झाली. आता उशिरा सुरू होणारा पॉम्पे, म्हणजे स्नायू हळूहळू झिजवणारा जन्मजात आजार, निघाला आणि डॉक्टर एन्झाइम रिप्लेसमेंट, म्हणजे कमी पडणारं एन्झाइम शिरेतून चढवणं, म्हणतायत. तो पूर्वीसारखा चालेल का, किती वर्षं घ्यायचं, रत्नागिरीत होईल का आणि भात बंद करायचा का, हे तुम्हाला हवंय. मी स्वतः याच आजाराचा, एन्झाइम घेणारा. डॉक्टर नाही, हे धरून वाचा.

आधी काविळीचं. एसजीओटी, एसजीपीटी ही द्रव्यं स्नायूंतही असतात. स्नायू झिजले की तीही रक्तात वाढतात, आणि सगळे यकृताकडे बघत बसतात. सोबत सीपीके, म्हणजे स्नायूंची झीज दाखवणारी रक्ताची तपासणी, केली असती तर अंदाज आला असता. आपल्याकडे बहुतेक पॉम्पेवाल्यांच्या फायलीत असलं एखादं पान सापडतंच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

हा आजार १९३२ साली पॉम्पे नावाच्या डच डॉक्टरांनी एका तान्ह्या बाळात नोंदवला. कारण कळायला १९६३ उजाडलं. पेशीत लायसोसोम नावाच्या बारीक पिशव्या असतात. तिथे आलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, फोडायला अल्फा-ग्लुकोसिडेज हे एन्झाइम लागतं. ते कमी असलं की ग्लायकोजेन पिशवीत साचतं, पिशव्या फुगतात, फुटतात आणि स्नायूचे धागे खराब होतात. बाळांमध्ये एन्झाइम जवळपास नसतंच, म्हणून हृदय मोठं होतं आणि उपचाराविना बहुतेकांना पहिला वाढदिवसही दिसत नाही. तुमच्या भावाकडे थोडं शिल्लक आहे, म्हणून इतकी वर्षं निभावलं.

यातच भाताचं उत्तर आहे. अडकलेलं ग्लायकोजेन पिशवीच्या आत आहे, भात बंद करून ते बाहेर येत नाही. पिशवीबाहेरचा साखरेचा कारभार ठीक असतो, उपाशी राहिल्यावर साखर घसरण्याचा प्रकारही यात नसतो. प्रथिनं जास्त आणि पिष्ट बेताचं असा आहार सुचवतात, तो आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्या. बांगडा-तारली, अंडी, कुळीथ आपल्या घरात आहेतच. वजन मात्र वाढू देऊ नका, का ते पुढे येईल.

आता मुख्य औषध. हे एन्झाइम प्रयोगशाळेत, चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून वाढवलेल्या पेशींत तयार करतात. त्यावर मॅनोज-६-फॉस्फेट नावाची खूण असते, पाकिटावरच्या पत्त्यासारखी. पेशीवरचा ग्राहक (रिसेप्टर) ती खूण ओळखून एन्झाइम आत ओढतो आणि लायसोसोमपर्यंत पोचवतो. गोम अशी की स्नायूंवर हे ग्राहक कमी असतात, आणि चढवलेल्यातला बराच भाग यकृतच उचलतं. म्हणून डोस मोठा लागतो: किलोमागे २० मिलिग्रॅम, दर पंधरा दिवसांनी. भाऊ ६० किलोचा असेल तर १२०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या २४ कुप्या एका वेळेला. वजनाचं का म्हटलं ते कळलं असेल.

पहिलं औषध, अल्ग्लुकोसिडेज अल्फा, २००६ मध्ये आलं. २०२१ मध्ये अमेरिकेत अव्हलग्लुकोसिडेज अल्फाला मंजुरी मिळाली. त्यावर ही खूण कितीतरी जास्त असते. २०२३ मध्ये मिग्लुस्टॅटच्या गोळीसोबत द्यायचं तिसरं आलं. नावांवरून वाद घालत बसू नका, मिळेल ते लवकर सुरू होणं महत्त्वाचं.

फरक किती पडतो? उशिरा सुरू होणाऱ्या पॉम्पेच्या ९० रुग्णांवर ७८ आठवड्यांची चाचणी झाली, निष्कर्ष २०१० मध्ये आले. औषध घेणारे सहा मिनिटांत सरासरी २५ मीटर जास्त चालले, खोटं औषध घेणारे ३ मीटर मागे गेले. फुप्फुसाची क्षमता औषधवाल्यांत जेमतेम एका टक्क्याने वाढली, दुसऱ्या गटात दोन टक्क्यांहून जास्त घसरली. २५ मीटर म्हणजे घरापासून विहिरीपर्यंत. हे ऐकून खट्टू होणारे खूप बघितलेत. पण जो स्नायू जाऊन तिथे चरबी बसली तो परत येत नाही. जो उरलाय तो हे औषध सांभाळतं. त्यामुळे ‘पूर्वीसारखा चालेल का’ याचं प्रामाणिक उत्तर बहुधा नाही असंच आहे. पहिल्या काही महिन्यांत थोडी सुधारणा दिसते, मग गाडी एका जागी थांबते, आणि काही वर्षांनी पुन्हा हळूहळू उतार लागू शकतो. औषध आयुष्यभराचं. एखादा डोस हुकला तर आकाश कोसळत नाही, पण बरं वाटतंय म्हणून बंद करू नये.

म्हणूनच पहिली कुपी फुटण्याआधी मोजमापं करून घ्या. नंतर फायदा होतोय की नाही हे त्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही, पैसे देणाऱ्यालाही पटवता येणार नाही. सहा मिनिटांची चाल, खुर्चीतून आणि जमिनीवरून उठायचा वेळ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने किती हवा बाहेर फुंकता येते ते), बसून आणि झोपून दोन्ही. आपल्याकडे बसूनच करतात आणि ‘बरं आहे’ म्हणून सोडतात. आडवं झाल्यावर आकडा १० टक्क्यांहून जास्त घसरला तर श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला श्वासाचा मुख्य स्नायू, कमकुवत झाल्याची शंका घ्यायची.

तुमच्या पत्रात सगळं पायांबद्दल आहे, श्वासाबद्दल एक ओळ नाही. ही भीती मला पायांपेक्षा मोठी वाटते. पॉम्पेत माणूस चालता-फिरता असतानाच श्वासपटल थकलेलं असू शकतं. भावाला विचारा: उशा वाढवून झोपतो का, सकाळी डोकं दुखतं का, दिवसा पेंग येते का, जेवून ओणवं झाल्यावर दम लागतो का? ‘हो’ आलं तर झोपेची तपासणी आणि बायपॅप, म्हणजे मास्कमधून हवा ढकलणारं यंत्र, याबद्दल लगेच बोला, एन्झाइमची मंजुरी येईपर्यंत थांबू नका. आणखी एक: असा माणूस धापा टाकत दवाखान्यात गेला की नुसता ऑक्सिजन लावतात. बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा छान दिसतो, आत कार्बन डायऑक्साइड साचत राहतो. त्याला हवा ढकलणारं यंत्र लागतं. हे आणि ‘भूल देण्याआधी पॉम्पे आहे हे सांगा’ असं एका कागदावर मराठी-इंग्रजीत लिहून खिशात ठेवायला सांगा.

बायपॅप आला की विजेचं बघा. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगडाकडे किती दिवस अंधार होता ते आठवा. इन्व्हर्टर त्या यंत्राच्या मापाने घ्या. त्यातला हवा दमट करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला की बॅटरी बरीच जास्त चालते.

चढवणं कसं असतं? पावडर फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठवायची नाही. पाणी घालून अलगद फिरवायची, हलवून फेस केला की एन्झाइम बिघडतं. सलाइनमध्ये घालून फिल्टर लावलेल्या नळीतून आधी अगदी हळू, मग दर अर्ध्या तासाने वेग वाढवत. चार तास धरा, तयारी धरून अख्खा दिवस. हे शरीराला परकं प्रथिन, त्यामुळे थंडी-ताप, पित्त उठल्यासारख्या गांधी, रक्तदाबात चढउतार होऊ शकतात, क्वचित जोराची ॲलर्जी. वेग कमी केला की बहुतेक वेळा निभावतं. तरी ॲड्रेनालिन आणि अतिदक्षता विभाग हाताशी असल्याशिवाय सुरुवात नको. एका खाजगी ठिकाणी परिचारिकेने घाईत वेग वाढवला आणि मी हुडहुडी भरून पडलो होतो. तेव्हापासून वेगाचा तक्ता मी स्वतः घेऊन बसतो.

रत्नागिरीचं: सुरुवात मुंबईतच करा. परळचं केईएम हे राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातलं उत्कृष्टता केंद्र आहे, आणि सरकारी मदतीचा अर्ज अशा केंद्रातूनच जातो. शरीराला सवय झाली की केंद्राकडून लेखी पद्धत घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी डोस चालू ठेवता येतात. माझं आता तसंच चाललंय, पण फ्रिजला जनरेटर आहे ना हे स्वतः जाऊन बघितलं होतं. तोवर तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरलात की परळ जवळ. खालचाच बर्थ मागा. आणि पावसाळ्यात गाडीवर भिस्त ठेवून त्याच दिवशीची वेळ घेऊ नका, एक दिवस आधी पोचा.

पैशांबद्दल गोड बोलत नाही. २०२१ च्या धोरणात पॉम्पे तिसऱ्या गटात आहे, म्हणजे उपचार आहे पण फार महाग आणि कायमचा. २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत झाली. त्याच धोरणात लिहिलंय की १० किलोच्या मुलाला काही दुर्मीळ आजारांत वर्षाला १० लाखांपासून कोटीच्या वरही खर्च येतो. ६० किलोच्या माणसाचा हिशोब तुम्हीच करा. म्हणून भाऊ किंवा वहिनी नोकरीत असतील तर ईएसआयसी (कामगार विमा) किंवा कंपनीकडे, आणि औषध कंपन्यांच्या मोफत औषधाच्या कार्यक्रमाकडे, अर्ज एकाच वेळी टाका. तिथे जागा मोजक्या असतात. मला औषध तसंच मिळालं, पण बरीच वाट पाहून.

गावात कोणी देवाचा कोप म्हणेल. गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घाला, मीही घातलं होतं. पण दोष आई-वडील दोघांकडून एकेक आलेला असतो, दोघंही ठणठणीत असतात. तेव्हा प्रत्येक भावंडाला चारात एक शक्यता, म्हणजे ताई, तुम्हालाही. त्रास नसला तरी सीपीके आणि वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावरची एन्झाइमची चाचणी करून घ्या. तुमच्यात मामेबहिणीशी लग्नं होत असतील तर वहिनींची वाहक-तपासणी मुलांआधी व्हायला हवी.

भावाचं वजन, सीपीके आणि बसून-झोपून एफव्हीसीचे आकडे आले की इथेच टाका. झोपूनचा नसेल तर आधी तो करून घ्या, बाकीचं मग बोलू.