ताप येईल, हे आधी सांग

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. त्याचं उत्तर फोनवर टाइप करण्याजोगं नाही, म्हणून सकाळी देवपूजा आटोपून वही काढून बसले. सुरगाण्याच्या त्या पाड्यावर तू पोरांच्या लसीकरणाचं सत्र लावलंस, आशाताईनं आदल्या दिवशी घरोघरी निरोप दिला, तरी निम्म्या आया पोरांना कडेवर घेऊन शेतावर निघून गेल्या. एक जण तर तोंडावरच म्हणाली, "करोनात सुई घेतली तेव्हा दोन दिवस उठता नाही आलं, आता पोराला नको." अशांना पटवायचं कसं, असं तू विचारतेस.

मला त्या बाईचं काही चुकलं असं वाटत नाही. ती दोन दिवस पडून होती हे खरंच आहे. असं होईल हे तिला सुई टोचण्याआधी कुणी सांगितलं होतं का, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे. बहुतेक नसेलच सांगितलं. मला जे काही कळलं आहे ते याच एका गोष्टीतून कळलं आहे, म्हणून ते सविस्तर लिहिते.

१६ जानेवारी २०२१ ला देशभर करोनाचं लसीकरण सुरू झालं आणि पहिली पाळी आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांची आली. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या दंडात सुया टोचण्यात गेलं होतं, तरी त्या खुर्चीत बसताना माझ्या पोटात गोळा आला. एवढ्या कमी वेळात तयार झालेली लस मी आधी कधी पाहिली नव्हती. टोचणारी सिस्टर माझ्याहून वयानं मोठी होती. तिनं सिरिंज बाजूला ठेवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "आज रात्री हुडहुडी भरेल. अंग मोडून येईल, हात वर होणार नाही. घाबरू नकोस. पॅरासिटामॉल उशाशी ठेवून झोप. उद्या संध्याकाळपर्यंत निवळेल. नाही निवळलं तर मला फोन कर." मग टोचलं.

रात्री तसंच झालं. गोधडीवर गोधडी घेऊनही दात वाजत होते. पण मी अजिबात घाबरले नाही, कारण जे होत होतं ते सगळं मला आधीच सांगून झालं होतं. उलट तिचा शब्द खरा ठरतोय म्हणून लशीवरचा भरवसा वाढला. शरीर लशीला ओळखायला लागलं की ताप येतो, हे पुस्तकात मी शंभरदा वाचलं असेल. त्या रात्री ते पटलं.

आता तुझ्या काकांचं ऐक. १ मार्चपासून ६० वर्षांपुढच्या लोकांना लस सुरू झाली. सरकारी केंद्रावर गर्दी फार म्हणून ते एका खासगी रुग्णालयात २५० रुपये भरून घेऊन आले. मी ड्युटीवर होते, सोबत जाता आलं नाही. तिथं त्यांना अर्धा तास बसवलं, पण का बसवलं हे कुणी सांगितलं नाही. पुढे काय होऊ शकतं हेही नाही. रात्री दोनच्या सुमाराला अंगात ताप भरला. त्या मार्चमध्ये नाशकात तापाचा अर्थ काय होता, हे तुला आठवत असेल. गल्लीगल्लीत रुग्ण निघत होते, बेडसाठी लोक रात्ररात्र फोन करत होते. ह्यांनी उठून खोलीचं दार आतून लावून घेतलं. मला आतूनच बँकेची कागदपत्रं कुठल्या कपाटात आहेत ते सांगायला लागले. लशीचा ताप असेल, असं मी दारातून कितीदा सांगितलं, पण त्या घटकेला बायकोचं बोलणं नुसतं समजूत घालण्यासाठीचं वाटतं. सकाळी तपासणीला स्वॅब दिला. संध्याकाळी ताप उतरला, अहवालही निगेटिव्ह आला. एवढं होऊनही "दुसरा डोस मी घेणार नाही" हेच त्यांचं म्हणणं. आणि ही हकिगत बिल्डिंगभर झाली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजींनीही आपलं जाणं रद्द केलं.

लस तीच, दंड तोच, ताप तोच. मी दुसरा डोस घ्यायला स्वतःहून गेले, ह्यांना मात्र कितीतरी आठवडे समजवावं लागलं. मधे एप्रिल येऊन गेला. २१ एप्रिलला आपल्या महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठा तुटून निदान २२ रुग्ण दगावले. त्या संध्याकाळी शहरात लोक मोठ्यानं बोलतसुद्धा नव्हते. त्यानंतर केंद्रांबाहेर पहाटेपासून रांगा लागल्या, आणि आत लस नव्हती. "आज लस शिल्लक नाही" ही पाटी तेव्हा जवळजवळ प्रत्येक केंद्रावर लागलेली असायची. माणसं तयार झाली तेव्हा लस नव्हती, याचं दुःख मला अजून आहे.

त्यातच अंतर बदलत गेलं. कोविशील्डचा दुसरा डोस आधी ४ ते ६ आठवड्यांनी होता, मार्चअखेर ६ ते ८ झाला आणि मेच्या मध्यावर १२ ते १६. अंतर वाढवलं की संरक्षण चांगलं मिळतं असं अभ्यासातून दिसत होतं, हे खरं आहे. पण लस अपुरी होती हेही लोकांना डोळ्यांनी दिसत होतं. "लस नाही म्हणून तारीख ढकलता का?" असं विचारणाऱ्याला मी दोन्ही गोष्टी सांगायचे. तुटवडा आहे, लपवत नाही. आणि उशिरा घेतल्यानं तुमचं नुकसान नाही, हेही खरं. अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं लोक स्वतःच भरून काढतात, आणि ते बहुधा वाईट असतं.

पेठ तालुक्यातल्या माझ्या ड्युटीचा काळ तुला तुझ्या आईकडून माहीत आहेच. मेमध्ये अठरा ते चव्वेचाळीस वयाच्यांना ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. पाड्यावर रेंज नाही, आणि सावळ घाट चढून मुंबई-ठाण्याच्या गाड्या आमच्या केंद्रावर यायच्या. शहरातल्या मुलांनी स्लॉट घेतलेले असायचे आणि गावातली माणसं कट्ट्यावर बसून बघायची. त्या मुलांना मी दोष देत नाही, त्यांनाही लस हवीच होती. पण पुढं त्याच कट्ट्यावरच्या माणसांकडे आम्ही लस घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं, यात नवल काय?

तुझ्या आईनं तेव्हा पाड्यांवर फिरताना जे केलं ते मी कुठल्याही प्रशिक्षणात शिकले नव्हते. ती लशीचं नावच काढायची नाही. ओटीवर बसायची, भाताची लावणी कुठवर आली विचारायची आणि मग म्हणायची, "कामाला कधी बाहेर पडणार?" आधी मला वाटलं गप्पा चालल्यात. नंतर कळलं की ती दुसऱ्या डोसचा हिशेब करत होती. आपल्या भागातली माणसं भाताची सोंगणी झाली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत निघतात, नाहीतर नाशकातल्या पेठ नाक्यावर मजुरीला उभी राहतात. ऑगस्टमध्ये पहिला डोस दिला तर दुसऱ्याची तारीख नोव्हेंबरात येते, आणि तेव्हा माणूस पाड्यावर नसतोच. म्हणून ती कागदावर तारीख लिहून द्यायची आणि तोंडी सांगायची, "दिवाळीच्या आधी नाही, नंतर. बागेत असलास तर तिथल्या केंद्रात हा कागद दाखव, कुठंही चालतं." कोविनचा, म्हणजे लस-नोंदणीच्या सरकारी पोर्टलचा, मेसेज कुणाच्या फोनवर जाईल याचा भरवसा नव्हता. एका नंबरावर चार नावं असायची आणि तो फोन पुतण्याच्या खिशात नाशकात. कागद मात्र बाईच्या पदराच्या गाठीत राहायचा.

आणि ती तापाबद्दल स्वतःच बोलायची, विचारायच्या आधी. "ज्या दिवशी टोचून घ्याल त्याच्या दुसऱ्या दिवशी लावणीला जाऊ नका, अंग साथ देणार नाही." हातावर पोट असलेल्या माणसाला एक दिवसाचा रोज बुडणं म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. म्हणून ती घरातल्या सगळ्यांना एका दिवशी आणायची नाही. आज नवरा, चार दिवसांनी बायको. आम्ही वरून आकडे मागत होतो, एका दिवशी इतके डोस झालेच पाहिजेत म्हणून. ती शांतपणे आपलंच गणित चालवत राहिली. तिच्या पाड्यांवर दुसरा डोस चुकवणारी माणसं आसपासच्या गावांपेक्षा कमी होती.

बायका आणखी एक प्रश्न विचारायच्या, बाहेर नाही, आतल्या खोलीत. पाळी बिघडते का, मूल राहत नाही का. तेव्हा माझ्याकडे पक्कं उत्तर नव्हतं, तसंच मी सांगायचे, आणि तक्रार असली तर लिहून घ्यायचे. पुढं अभ्यास झाले. लशीनंतर एखादी पाळी थोडी पुढंमागं होऊ शकते, ती आपोआप ताळ्यावर येते आणि मूल होण्यावर परिणाम होत नाही, असं दिसलं. ज्या बायकांच्या तक्रारी मी लिहून घेतल्या होत्या त्यांना हे जाऊन सांगता आलं. "काही होत नाही, अफवा आहेत" असं म्हणून त्यांना वाटेला लावलं असतं तर त्या परत माझ्याशी बोलल्या नसत्या.

२०२४ च्या उन्हाळ्यात कोविशील्ड आणि रक्ताच्या गुठळ्यांच्या बातम्या टीव्हीवर आल्या तेव्हा मी निवृत्त झाले होते, तरी पेठहून फोन आले. मी त्यांना सांगितलं की असा त्रास होतो, तो फार म्हणजे फारच क्वचित होतो, आणि झाला तर लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच दिसतो. तुम्हाला अडीच-तीन वर्षं होऊन गेली, आता त्याची धास्ती नको. तुलाही हे कुणी विचारलं तर असंच सांग. धोका अगदी लहान आहे हे सांगताना तो आहे, हे शब्द गाळू नकोस.

आता तुझ्या सत्राकडे येते. तुला प्रशिक्षणात चार संदेश पाठ करून घेतले असतील: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि तो झाल्यास काय करायचं, पुढची तारीख कोणती, कार्ड जपून ठेवा. गर्दी झाली, पोरं रडायला लागली की यातला दुसरा संदेश सगळ्यात आधी गळतो. पहिला, तिसरा, चौथा कार्डावर लिहिलेले असतात, हा एकच तुझ्या तोंडून जायचा असतो. तोच सोडू नकोस. आणि सगळ्या लसींना एकच वाक्य वापरू नकोस. पेंटा, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, दिली की ताप त्याच रात्री येतो, मांडी सुजते. गोवर-रुबेलाचा ताप मात्र आठ-दहा दिवसांनी येतो, कधी अंगावर बारीक पुरळही उठतं. तोपर्यंत आई लस विसरलेली असते आणि पोराला काहीतरी भलतंच झालं म्हणून भगताकडे धावते. बीसीजीची, म्हणजे क्षयाच्या लशीची, जागा काही आठवड्यांनी पिकते, तिथं हळद-चुना काही लावायचा नाही. हे दिवसांसकट सांग. गोळीचं किंवा औषधाचं प्रमाण बाळाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घे, अंदाजानं सांगू नकोस. ताप दोन दिवसांवर गेला, बाळ अंगावर पिईना किंवा झटका आला तर वाट बघायची नाही, हेही त्याच दमात सांग.

टोचल्यावरचा अर्धा तास ही तुझी खरी वेळ आहे. बहुतेक तीव्र ॲलर्जी पहिल्या काही मिनिटांतच दिसते, म्हणून आपण बसवून ठेवतो. लोकांना हे कारण सांगितलं की ती बसतात, नाहीतर भिंतीवरून उडी मारून जातात. त्या अर्ध्या तासात रजिस्टर भरू नकोस. त्यांच्यात जाऊन बस. रजिस्टर नंतरही भरता येतं.

दहा डोसांची बाटली दोन पोरांसाठी उघडायची का, हा प्रश्न तुला पडेलच. गोवर-रुबेलाची बाटली विरघळवल्यावर चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते, आणि त्यानं जीव तुटतो हे मला कळतं. तरी उघड. जी आई दोन डोंगर चालून आली तिला "माणसं जमली की या" म्हणून परत पाठवलं तर ती पुन्हा येत नाही. करोनाच्या दोन वर्षांत नेहमीच्या लसी मागं पडल्या, आणि २०२२ च्या शेवटी आपल्याच जिल्ह्यात मालेगावात गोवर उसळला. दोन पोरांसाठी फुकट गेलेले आठ डोस त्यापुढं काहीच नाहीत.

वरून विचारणा झाली तर नोंद दाखव. किती आले, किती वाजता बाटली उघडली, किती डोस टाकले. लेखी असलं की बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो.

त्या बाईकडे पुढच्या सत्राची वाट न बघता आधीच जा. व्हॅक्सिन कॅरियर, लशीचा तो थंड डबा, घेऊन जाऊ नकोस, तो खांद्याला दिसला की ती दार लावेल. करोनात तिला नेमकं काय झालं, किती दिवस, घरात तेव्हा कोण होतं, काम किती बुडलं, सगळं विचार आणि ऐकून घे. मधे बोलू नकोस. तिला आधी कुणी सांगायला हवं होतं, हे तुझ्या तोंडून तिला ऐकू दे. तिच्या पोराचं कार्ड बघ, वय विचार, कोणता डोस राहिलाय ते तिथंच बसून काढ. त्या दिवशी "हो" म्हणवून घेण्याच्या मागं लागू नकोस. निघताना तुझा फोन नंबर दे आणि सांग की रात्री पोराला ताप आला तर तू उचलशील. मग खरंच उचल.

तुझी आई सोबत येते म्हणाली तर ने तिला. गुडघे दुखतात म्हणून ती नाही म्हणेल, पण दोनदा विचार.

औषधाच्या प्रमाणाचा तक्ता डॉक्टरांकडून मिळाला नाही तर कळव, इथून पाठवायची व्यवस्था करते. रविवारी नाशकात येणार असशील तर जेवायलाच ये. काका तुझी आठवण काढतात.

तुझी,
मावशी
म्हसरूळ, नाशिक