कासवाच्या टाकीतलं पाणी दोन दिवसांत गढूळ होतं, वास येतो. दर दोन दिवसांनी सगळं पाणी बदलतो, फिल्टरही नळाखाली धुतो. आरओचं पाणी वापरू का?

आरओची काही गरज नाही, उलट त्यातले क्षार निघून गेलेले असतात. साधं नळाचं पाणी चालतं, फक्त त्यातला क्लोरीन घालवायचा. उघड्या बादलीत २४ तास ठेवलं की क्लोरीन उडून जातो, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) टाकतात, ते असं उडत नाही, त्यामुळे मत्स्यालयवाल्यांकडे मिळतं ते डिक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं औषध) टाकलेलं बरं.

पण तुमचा खरा घोळ वेगळाच वाटतोय. तुम्ही लिहिलंय की दर दोन दिवसांनी सगळं पाणी ओतून टाकता आणि फिल्टर नळाखाली स्वच्छ धुता. मी पण हेच करायचो. माझ्याकडे रेड-इअर्ड स्लायडर जातीचं कासव आहे, पहिलं वर्षभर दर रविवारी टाकी रिकामी, काच घासायची, फिल्टरचा स्पंज पार पांढरा होईपर्यंत पिळायचा, आणि मंगळवारी पाणी परत दुधाळ! नंतर कळलं की त्या स्पंजवर जे बॅक्टेरिया बसतात तेच खरं काम करतात, कासवाच्या घाणीतला अमोनिया ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि मी दर आठवड्याला क्लोरीनच्या पाण्याने त्यांनाच मारत होतो. नवीन टाकीत ही वस्ती जमायला ४ ते ६ आठवडे सहज जातात.

आता मी टाकीतलंच पाणी बादलीत काढतो आणि स्पंज त्यात दोन-तीनदा पिळतो, चॉकलेटी गाळ निघतो, हाताला मातकट वास राहतो, स्पंज तपकिरीच दिसतो, तो तसाच परत लावायचा. पाणी आठवड्याला पाव भागच बदलतो. नवीन पाणी आधीच्याच तापमानाचं हवं, मोठ्या कासवाला २४ ते २७ अंश ठीक असतं.

आणि नुसतं नितळ दिसतंय यावर जाऊ नका, अमोनिया डोळ्याला दिसत नाही. टेस्ट किट घ्या, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या) आत. माझ्या कासवाचे डोळे सुजले तेव्हा पाणी अगदी काचेसारखं होतं. (डोळे सुजणं व्हिटॅमिन ए कमी पडल्यानेही होतं, तेव्हा घरगुती औषधं न करता सरळ डॉक्टरला दाखवा.)

टाकी लहान असेल तर मात्र काहीही केलं तरी उपयोग नाही. कवचाच्या दर सेंटीमीटरला साधारण १५ लिटर पाणी धरा, म्हणजे १० सेंटीमीटरच्या कासवाला दीडशे लिटर, हो, एवढं लागतं, दुकानात ते झाड लावलेलं प्लास्टिकचं खेळणं देतात ते विसरा. पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या दीड-दोन पट तरी. फिल्टर घेताना खोक्यावर लिहिलेली लिटरची क्षमता माशांच्या हिशोबाने असते, कासव माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करतं, तेव्हा तुमच्या टाकीच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्या. अंग सुकवायला पूर्ण कोरडी जागा आणि वर दिवा हवाच, सतत ओलं राहिलं की कवच कुजतं.

खायला वेगळ्या टबात घाला, पण पाण्यातच, पाण्याशिवाय त्याला गिळताच येत नाही. अर्ध्या तासाने परत टाकीत सोडा, माझी निम्मी घाण याने कमी झाली.

टाकीचं सामान स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कधीच धुवू नका आणि नंतर साबणाने हात धुवा, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. काढलेलं पाणी फुलझाडांना घाला, त्यातलं नायट्रेट म्हणजे खतच आहे, भाजीपाल्याला मात्र नको.