सारखी दिसतात म्हणून उत्तरं उडवू नका

स्टॅक ओव्हरफ्लो ह्या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर एकाच प्रश्नाखाली दोन-तीन सारखीच उत्तरं आली की कुठलं ठेवायचं असं तुम्ही विचारलंय, आणि जो पहिला त्याचं राहावं, बाकीची डुप्लिकेट म्हणून डिलीट, असा तुमचा हिशोब दिसतोय. मला तो अजिबात पटत नाही.

उत्तराखाली जी वेळ दिसते त्यावर माउस नेला की पहिला कोण ते सेकंदापर्यंत कळतं. सोप्या प्रश्नावर चार जण एकदमच टाइप करत बसलेले असतात, दोन मिनिटांच्या फरकाने तोच कोड पडतो, ह्यात कसली आलीय कॉपी, उत्तरच एका ओळीचं असेल तर माणूस वेगळं लिहिणार तरी काय? आणि जो नीट समजावून लिहितो तो उशिराच पोस्ट करणार ना. पहिल्याला मान द्यायचा ठरवलं तर घाईघाईत एक ओळ फेकणाराच दरवेळी जिंकतो. त्यात पोस्ट केल्यावर 5 मिनिटांच्या आत स्वतः केलेली एडिट हिस्टरीत वेगळी दिसत नाही, म्हणजे 'पहिलं' उत्तर पहिल्यापासून असंच होतं हेही छातीठोकपणे सांगता येत नाही.

उशिरा आलेल्या उत्तरांचं वेगळं. पायथॉन ह्या प्रोग्रामिंग भाषेत लिस्टमधले डुप्लिकेट काढायचे पण क्रम तसाच ठेवायचा हा प्रश्न घ्या (योगायोगाने विषयाला साजेसाच आहे). जुनं उत्तर ऑर्डर्डडिक्टचं (डिक्ट म्हणजे की-व्हॅल्यूच्या जोड्यांचा साठा, ऑर्डर्डडिक्ट म्हणजे त्याचा क्रम लक्षात ठेवणारा प्रकार). नंतर कोणीतरी येऊन सांगतो की साधा डिक्ट घ्या, फ्रॉमकीज करा (लिस्टमधल्या गोष्टींच्या कीज बनतात, डुप्लिकेट आपोआप गळतात), झालं. घाईत रिव्ह्यू करणाऱ्याला वाटतं तीच ओळ, एक शब्द बदललाय फक्त. पण साध्या डिक्टमध्ये क्रम टिकेल ही भाषेची गॅरंटी पायथॉन 3.7 पासूनची आहे, 3.6 मध्ये सीपायथॉन (पायथॉनचं नेहमी वापरलं जाणारं रूप) तसं करायचा पण त्यावर विसंबू नका असंच सांगितलेलं होतं, तेव्हा हे उत्तर नवीनच आहे. व्हर्जनचा उल्लेख त्याने केला नसेल तर कमेंटमध्ये विचारा, फ्लॅग (म्हणजे तक्रारीची खूण) कशाला. त्यानंतर चार वर्षांनी तिसरा येऊन तेच परत चिकटवतो ना, ते उडालं तर वाचणाऱ्याचं काही जात नाही.

तेही 'हे उत्तरच नाही' वाला फ्लॅग मारून नको, तो ह्यासाठी नाहीये आणि रिजेक्ट होतो. डाउनव्होट करा (उत्तराच्या विरोधात मत), तुमच्या रेपमधला, म्हणजे साइटवर कमावलेल्या पॉइंटांमधला, 1 जाईल, जाऊ दे. उत्तराचा स्कोअर (बाजूची मतं वजा विरोधातली) शून्याखाली गेला की 20,000 रेपवाले डिलीटचं मत देऊ शकतात. पण हात जरा आखडता घ्या, कारण डिलीट झालेल्या उत्तराचे लिहिणाऱ्याला मिळालेले पॉइंट सहसा परत जातात, स्कोअर 3 किंवा जास्त आणि 60 दिवस दिसलेलं असेल तरच राहतात, म्हणजे मार बसतो तो नवख्यालाच.

शब्दन् शब्द उचललेलं, टायपोसकट, असेल तर मात्र सोडू नका. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली आहे, वापरायला ना नाही पण श्रेय द्यावंच लागतं. मूळ उत्तराची लिंक देऊन मॉडरेटरला फ्लॅग करा, कमेंटमध्ये चोर-चोर करत बसू नका. एकच माणूस तेच उत्तर पाच प्रश्नांखाली टाकत असेल तर आधी ते प्रश्न एकच आहेत का बघा, बऱ्याचदा डुप्लिकेट प्रश्नच असतो आणि बंद तो करायचा असतो.

दोन मिनिटांच्या फरकाची ती दोन उत्तरं? दोन्ही राहू द्या, मतं पडतील तशी वर-खाली होतील. एखादा स्वतःहून आपलं काढतोही, फक्त ते प्रश्न विचारणाऱ्याने ॲक्सेप्ट केलेलं असेल तर त्यालाही काढता येत नाही.