वाचकांचे प्रश्न : युक्रेन, पॅराग्वे आणि भाजलेला पाव

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात विनिपेगला राहते. तिच्या शेजारच्या आजी मेनोनाइट पंथाच्या आहेत. जन्म युक्रेनमधला, घरची बोली जर्मन वळणाची आणि बालपण मात्र पॅराग्वेत गेले, असे त्या सांगतात. जर्मन बोलणारी ही माणसे युद्धानंतर जर्मनीतच का राहिली नाहीत? आणि ‘आम्ही भाजलेल्या पावावर जगलो’ म्हणजे काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आजी सांगतात ते सारे जुळते, फक्त थोडे मागे जावे लागेल. सोळाव्या शतकातील डच धर्मोपदेशक मेनो सायमन्स यांच्या नावाने ओळखला जाणारा हा ख्रिस्ती पंथ जाणत्या वयातच बाप्तिस्मा घेतो आणि शस्त्र हाती धरणे निषिद्ध मानतो. त्यापायी छळ झालेली कुटुंबे आज पोलंडमध्ये असलेल्या व्हिस्चुला नदीच्या मुखाशी स्थिरावली, तेथे त्यांची भाषा जर्मन झाली आणि पुढे सैन्यभरतीतून सूट देणाऱ्या रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनच्या आश्वासनावर त्यांच्यापैकी अनेकांनी १७८९ पासून युक्रेनच्या गवताळ प्रदेशात शेती उभी केली.

रशियन क्रांतीनंतर हे सुख संपले. १९२० च्या दशकात सुमारे वीस हजार जण कॅनडाला निघून गेले. जे राहिले त्यांच्या जमिनी सामूहिक शेतीत गेल्या, प्रार्थनाघरे बंद पडली आणि १९३७-३८ मध्ये रात्री-अपरात्री दार ठोठावून नेलेले कर्ते पुरुष बहुतेक घरी परतलेच नाहीत. म्हणून १९४३ च्या सप्टेंबरात युक्रेन व्यापलेले जर्मन सैन्य माघार घेऊ लागले आणि मोलोच्ना या त्यांच्या तेथील वसाहतीतली बिऱ्हाडे घोडागाड्यांतून पश्चिमेकडे निघाली, तेव्हा ‘कुटुंब’ म्हणजे पुष्कळदा आजी, आई आणि मुले एवढेच होते.

भाजलेला पाव ही त्यांची शिदोरी. लोणी घातलेल्या पिठाच्या मोठ्या गोळ्यावर लहान गोळा दाबून बसवून केलेल्या पावाला ते ‘त्स्वीबाक’ म्हणतात. हा पाव मंद आचेवर पुन्हा भाजला, की आपल्याकडच्या चहात बुडवायच्या बटरसारखा खडखडीत होतो आणि महिनोन्महिने टिकतो. निघण्याआधी बायकांनी तो पोती भरभरून भाजला. वाटेत पाऊस लागला, चिखलात चाके रुतली, गाडीतच बाळंतपणे झाली, वाटेकडेलाच माणसे पुरावी लागली.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. ज्या जर्मन सत्तेच्या आश्रयाने ही कुटुंबे निघाली, तिने त्यांच्या ज्यू शेजाऱ्यांची कत्तल केली होती. पंथातील काही तरुणांनी जर्मन गणवेशही चढवला होता. आणि पुढे जर्मनव्याप्त पोलंडमध्ये निर्वासितांना मिळालेली अनेक घरे पोलिश मालकांना हुसकून रिकामी केलेली होती. आजींसारख्या तेव्हाच्या लहान मुलांवर याचा दोष येत नाही, पण ही हकिकत त्याशिवाय पुरी होत नाही.

जर्मनीत राहणे धोक्याचे होते, कारण मित्रराष्ट्रांमधील १९४५ च्या याल्टा करारानुसार सोव्हिएत नागरिकांना परत पाठवायचे होते. निघालेल्या सुमारे पस्तीस हजारांपैकी अंदाजे तेवीस हजार जण पकडून परत नेले गेले, त्यांतले अनेक सायबेरिया आणि मध्य आशियात. उरलेल्यांसाठी पंथाच्या अमेरिकी मदत समितीचे पीटर आणि एल्फ्रीडा डिक हे दांपत्य झटले. बर्लिनमध्ये अडकलेल्या हजारावर लोकांना सोव्हिएत ताब्यातील प्रदेश ओलांडण्याची परवानगी अगदी ऐन वेळी मिळाली, आगगाडीने ते ब्रेमरहाफेनला पोहोचले आणि १ फेब्रुवारी १९४७ रोजी ‘व्होलेंडाम’ जहाज दोन हजारांहून अधिक निर्वासितांना घेऊन सुटले.

पॅराग्वेच का? म्हातारे, आजारी, अपंग, सर्वांना घ्यायला तो देश तयार होता आणि १९२१ च्या कायद्याने त्याने या पंथाला सैन्यसेवेतून सूटही दिली होती. मात्र ही मंडळी पोहोचली तेव्हा तेथेच यादवी पेटल्याने अनेकांना ब्युनॉस आयर्सला तंबूंत थांबावे लागले. पुढे चाको भागातील काटेरी झुडपांच्या रखरखीत रानात ‘नॉयलँड’ ही वसाहत उभी राहिली. तेथील एका गावात घरे उभारणाऱ्या आणि जमीन कसणाऱ्या जवळजवळ साऱ्या बायकाच होत्या, म्हणून त्याला ‘बायकांचे गाव’ असेच नाव पडले.

१९५० च्या दशकात यांतील अनेक जण कॅनडातील नातलगांच्या हमीवर तिकडे गेले. आजींसाठी ती हमी कोणी दिली, हे मुलीला त्यांना जरूर विचारायला सांगा. बहुधा १९२० च्या दशकात आधीच तेथे पोहोचलेल्या एखाद्या काका-मामाचे नाव निघेल.