जुन्या इरकली लुगड्यांचं आणि ओटीच्या खणांचं घरच्या घरी काय शिवता येईल?

तुम्ही लिहिलंय की आजोळ निपाणीचं, आजीच्या ट्रंकेतून सहा इरकली लुगडी आणि पिशवीभर खण निघाले, शिवाय जुन्या बाजारातून हौसेने उचललेले काही कपडे आहेत. मशीन घरात आहे, पण सरळ टीप घालण्यापलीकडे फारसं येत नाही, आणि कात्री लावायला हात धजत नाही.

हात धजत नाही ते बरंच आहे. माझा धजला होता. मी बेळगावात वडगावला राहते. लग्न नवीन होतं, आजीच्या हिरव्या इरकलीचा लाल पदर मला ब्लाउजला हवा होता. सरळ कापला आणि शिवला. दोनदा घातला, तिसऱ्यांदा कपाटावरचा डबा काढायला हात वर केला आणि पाठ चर्रकन उसवली. शिवण जिथल्या तिथे होती, कापडच फाटलं होतं. आजीने तुकडा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "मला विचारायचं की गं. पदर अंगावरनं सोडायचा असतोय, अंगाला घट्ट बांधायचा नसतोय." मग तिने मला दंड घालायला शिकवलं, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दंडातच आहे.

दंड हा शब्द हल्ली कानावर येत नाही, म्हणून सांगते. लुगडं सगळीकडे सारखं विरत नाही. बसून उठून मधला भाग आधी जातो, कासोट्याची जागा जाते, घोट्याजवळची कड जाते. दोन्ही टोकांकडचं कापड मात्र बरंच शाबूत राहतं. म्हणून मधला विरलेला भाग फाडून काढायचा आणि चांगले राहिलेले दोन तुकडे जोडून पुन्हा नेसायचं. एका लुगड्याचं जमलं नाही तर दोन जुनेरांचे चांगले भाग जोडायचे. त्या जोडाला दंड म्हणतात. आता दंडाचं लुगडं कोणी नेसणार नाही, पण बघायची रीत तीच ठेवा. नक्षी कुठे छान आहे हे नंतर बघायचं, अंगाला घासून कापड कुठे मेलंय हे आधी.

ते शोधायला लुगडं खिडकीसमोर दोघांनी धरा आणि नऊच्या नऊ वार उजेडासमोरून सरकवा. विरलेली जागा चाळणीसारखी दिसते. शंका आली की दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड हळू ताणा, एकदा उभ्या धाग्यात, एकदा आडव्या. बारीक चरचर ऐकू आली तर तो भाग ओढ सोसणार नाही. तिथे शिवणाच्या खडूने फुली मारा. मी एका लुगड्याला अर्धा तास तरी देते. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेलं असेल तर घडीच्या रेघेवरही बघा, रेशीम नेमकं तिथेच चिरतं.

मग सूत ओळखायचं. इरकलीचं अंग बहुतेक सुती असतं, पदर रेशमी. पण बरेच पदर खऱ्या रेशमाचे नसून 'चमका'चे, म्हणजे कृत्रिम रेशमाचे असतात. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि पाण्याच्या ताटलीवर पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि काळी राख बोटाने चुरगळली तर रेशीम. कागद जळल्याचा वास आणि भुरकट मऊ राख म्हणजे सूत किंवा चमका. वितळून टणक मणी झाला तर पॉलिस्टर. सूत आणि चमका यांतला फरक कळायला दुसरा धागा ओला करून ओढा. चमका ओला झाला की अगदी दुबळा होतो, पटकन तुटतो. माझी ब्लाउजची पाठ चमकाची होती. घामाने भिजली, त्यात ताण पडला, दुसरं काय होणार?

इरकलीत आणखी एक गोम आहे. पदर आणि अंग सलग विणलेले नसतात. पदराचे उभे धागे वेगळे, अंगाचे वेगळे, आणि विणकर दोन्हींचे फासे एकमेकांत अडकवून पुढे विणतो. याला टोप-टेणी म्हणतात, आणि इरकल ओळखायची ती मुख्य खूण. उलट बाजूने बोट फिरवलंत तर पदर सुरू होतो तिथे एक खरबरीत रेघ लागेल. तिच्यावर कात्री नको. मी दोन्ही बाजूंना दोन बोटं सोडते. ती रेघ तुमच्या तुकड्यात येणारच असेल तर मागून मलमलची पट्टी लावून हाताने धावदोरा घाला आणि मगच कापा. लाल पदरावरची पांढरी नक्षी, कुठे कंगव्याच्या दातांसारखी, कुठे जोंधळ्याच्या कणसासारखी, तिला लागूनच ही रेघ असते. त्यामुळे सगळ्यांना हवासा तुकडा आणि सगळ्यांत नाजूक जागा एकाच ठिकाणी येतात.

धुण्याचं थोडक्यात सांगते. लाल रंग सुटतो असं समजूनच चाला. पांढरी चिंधी ओली करून पदरावर दाबून दहा मिनिटं ठेवा, गुलाबी झाली तर तो तुकडा पांढऱ्याशेजारी कधीच लावू नका. मीठ टाकलं की रंग बसतो असं सगळे सांगतात. सुती कापड रंगवताना मीठ लागतं हे खरं, पण सुटायला लागलेला जुना रंग मिठाने थांबत नाही. मी यावर विश्वास ठेवून आजोबांच्या पांढऱ्या धोतराला लाल पदराच्या पट्ट्या लावल्या आणि त्या वाकळीला, म्हणजे गोधडीला, रंग लागून घरात आठ दिवस गुलाबी वाकळ वाळत होती. रेशमाला रिठ्याचं पाणी, सुताला साधा साबण चालेल. जुनी खळ मात्र धुऊन काढाच, नाहीतर कसर लागते. ठेवताना वेखंडाचे तुकडे कापडात बांधून ठेवा.

खणांचं काम यापेक्षा कितीतरी सोपं आहे, सुरुवात तिथूनच करा. आपल्याकडे कुणाच्याही घरी गेलं की ओटीत खण-नारळ. नारळ खाल्ला जातो आणि खण एका ट्रंकेतून दुसऱ्या ट्रंकेत फिरत राहतात. माझ्या आईकडे असे चाळीसेक निघाले, त्यातले निम्मे तिने स्वतः पुढे कुणाच्या ओटीत घालायला ठेवलेले. खरा खण म्हणजे बागलकोटकडच्या गुळेदगुड्ड गावच्या मागावरचा, पन्ह्याला अरुंद, अंगावर बारीक बुट्टी, दोन्ही बाजूंना काठ. न वापरलेला असल्याने ताकद शाबूत असते, फक्त घडी बघायची. पण ओटीतले सगळेच खण त्या मागावरचे नसतात. बरेच पॉलिस्टर मिसळलेले असतात, तेही चालतात. फक्त इस्त्री कोमट ठेवा, नाहीतर तळाला चिकटतील.

आता बाजारातले कपडे. आमच्याकडे आठवड्याच्या बाजारात एका कडेला जुन्या कपड्यांचा ढीग असतो, आणि दारावर बोहारीण येते ती वेगळी. बोहारणीला भांडं देऊन कपडे परत घेणारी बाई तिने पहिल्यांदा माझ्यातच पाहिली असावी. ढिगात मी फक्त दोन गोष्टी शोधते, पुरुषांचे सुती शर्ट आणि जीन पँटी. शर्टची कॉलर आणि बाह्यांची टोकं झिजलेली असतात, पाठ मात्र जवळजवळ नवी, म्हणजे पुन्हा दंडाचाच हिशेब. घरात आणल्यावर थेट कपाटात ठेवू नका. कढत पाण्यात भिजवून, धुऊन, उन्हात उलटे वाळवा. शिवणीत ढेकूण किंवा त्यांची अंडी असतात, हे मी सोसून सांगते.

ओळखीचा ब्लाउजवाला टेलर असेल तर कात्रणं मागून ठेवा. आमच्या वडगाव-शहापूर-खासबागेत माग चालतात, तिथलाही कटपीस, डागी माल मिळतो. नवीन अस्तरच हवं असेल तर मी खडेबाजारात जाते, पण खरं सांगायचं तर वर्षातून एकदाही वेळ येत नाही.

पहिलं काम म्हणून पिशवी शिवा. कुर्ता नको, ब्लाउज तर नकोच. अंगावरच्या कपड्याला काखेत आणि पाठीत ताण येतो, आणि जुन्या कापडाला तेवढंच सोसत नाही. पिशवीचं बाहेरचं अंग खणाचं, आतलं अस्तर शर्टच्या पाठीचं. शर्टचा खिसा उसवू नका, खिशासकट तुकडा कापा, आत आयता खिसा मिळतो. मी तर बटणपट्टीही ठेवते, मोबाईलला झाकण होतं. पंधरा इंच रुंद, सोळा इंच उंच असे दोन तुकडे बाहेरचे, दोन आतले. पट्ट्यांसाठी इरकलीचा काठ घ्या. तो घट्ट विणीचा असतो, पण एकट्यावर भाजीचं ओझं टाकू नका. आत जीनची पट्टी घालून दोन्ही कडांनी टीप मारा. पट्टा पिशवीला जोडताना चौकोन शिवून त्यात फुली घाला, शाळेच्या दप्तराला असते तशी.

मशीनबद्दल तीन गोष्टी. खणाला अकरा नंबरची सुई लावा आणि नवी लावा, बोथट सुई धागे ओढते. जीनची पट्टी आली की सोळा नंबर. टाका अडीच-तीन मिलिमीटरचा ठेवा. नवशिकी माणसं मजबुतीसाठी टाका बारीक करतात आणि जुन्या कापडाला टपाल तिकिटासारखी भोकं पडून ते नेमकं तिथेच फाटतं. दोरा साधा सुती घ्या, फार चिवट नको. ओढ बसली तर आधी दोरा तुटलेला बरा, तो परत घालता येतो.

राहिलेल्या लुगड्यांची वाकळ करा. मशीनवर नाही, हाताने. वर आणि खाली लुगड्याचं चांगलं कापड, मध्ये तुम्ही फुल्या मारलेले विरलेले भाग. मेलेल्या कापडाला वाकळीच्या पोटात ताण येत नाही, तिथे ते वर्षानुवर्षं टिकतं. शिवाय त्याच्याइतकं मऊ दुसरं काही नसतं. थर सतरंजीवर पसरा, कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, मिळेल ते वजन ठेवा. आमच्याकडे धावदोरा कडेपासून सुरू करून फेर घेत आत नेतात, त्यामुळे सगळा झोळ मधोमध गोळा होतो. म्हणून आधी वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून थर बांधून घ्या, आणि प्रत्येक फेरीला तळव्याने कापड आतून बाहेर सारत चला. शेजारच्या कानडी काकू तिला कौदी म्हणतात. टाका तोच, पण त्यांची फेरी माझ्यापेक्षा सरळ येते, हे कबूल करते. खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणि पुढे हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी समाजाच्या बायका अशीच वाकळ शिवतात, तिला कवंदी म्हणतात, त्यांनीही कडेकडून आतच जायचं. त्यांच्या चारी कोपऱ्यांत त्रिकोणी घडीची ठिगळं असतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलं नसलेली कवंदी त्यांच्या लेखी नागडी. मी हे बघितल्यापासून माझ्या वाकळींच्या कोपऱ्यांत उरलेल्या खणाचे त्रिकोण लावते. कोपरेच आधी झिजतात, त्यामुळे ते कामालाही येतात.

थर तीन-चारच ठेवा. हौसेने सात घातलेत तर सुई जाणार नाही आणि भिजलेली वाकळ दोघांना उचलणार नाही. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर नेऊन धुवायची पद्धत होती. तुम्ही फ्लॅटमध्ये असाल तर एप्रिल-मेमध्ये गच्चीवर धुवा, पावसाळ्यात धुतलेली वाकळ कुबट वासासकट गणपतीपर्यंत ओलीच राहते.

सहापैकी एक लुगडं मात्र कापू नका. उजेडासमोर धरल्यावर ज्यात एकही फुली पडली नाही ते. आणि बाकीच्या पाचांच्या पदरांचे फोटो इथे टाकता आले तर टाका, उलट बाजूचे, रेघ दिसेल असे. कुठून कापायचं ते मी खुणा करून दाखवते.